डेल्मरच्या लेखी आमची काउंटी

डेल्मर हगिन्स तसा भला माणूस, पण डोक्यात एकच किडा. एक दिवस वीज, पाणी, दुकानं, सगळं बंद पडणार! दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये तो सांगायचा, त्या दिवशी आपली काउंटी, म्हणजे हा आपला जिल्हा, कितपत तग धरेल ते. पाऊस भरपूर, तळं जवळ, माती काळी, बटाटा झकास. इथवर पैकीच्या पैकी गुण. मग आवाज खाली आणायचा.

"पण माणसं! आपल्या या शहरात चार लाख तोंडं आहेत. भूक लागली की हीच तुमच्यावर तुटून पडणार."

समोर बसलेलो आम्हीच की ती माणसं! माझं तर डोकंच फिरायचं.

त्याला डोंगरात जमीन घेऊन राहायचं होतं. पण बायको अर्लीन फुफ्फुसाच्या विकारानं आजारी. नाकात नळी, उशाशी विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन, आणि डॉक्टर इथंच शहरात. मग त्यानं मागच्या अंगणातच शेत केलं. कोंबड्या पाळल्या, तळघर बरण्यांनी भरलं. वीज गेली तर अर्लीनचा श्वास चालू राहावा म्हणून जनरेटर आणला. फक्त कोणाला कळता कामा नये, म्हणजे झालं.

जानेवारीत बर्फानं तारा तोडल्या आणि अख्खी गल्ली काळोखात गेली. मी घेवड्याचं गरम सूप घेऊन शेजारी त्याच्या दारी गेले. खिडक्यांना आतून काळं प्लास्टिक चिकटवलेलं. डेल्मरनं दार बोटभर उघडलं.

"अर्लीनला माझ्याकडे आण रे. शेगडी पेटलीय. अग्निशमनवाले ऑक्सिजनच्या टाक्याही देतायत."

"आमचं ठीक आहे, कोरा. अंधारात बसलोय तुमच्यासारखेच."

"मग ही खालून घरघर कसली येतेय?"

"कान गेले तुझे. म्हातारी झालीस!"

आतून अर्लीनचा बारीक आवाज आला. "कोरा, आत ये ना गं. डोकं फार दुखतंय माझं."

"झोपेल ती आता," म्हणत त्यानं दार लावून घेतलं. मी चडफडत घरी आले.

सकाळी दार उघडेना, हाकेला ओ नाही. मी आरडाओरडा केला तशी सगळी गल्ली धावली. शेजारच्या पोरांनी पहारीनं दार उचकटलं आणि दोघांना बर्फात बाहेर आणलं. आवाज रस्त्यावर जाऊ नये म्हणून डेल्मरनं जनरेटर बंद तळघरात लावला होता. त्याच्या विषारी वायूला ना रंग ना वास. तो रातभर वर चढत राहिला.

डेल्मर वाचला. अर्लीन गेली.

दफन झाल्यावर तो माझ्या सोफ्यावर बसला होता. हळूच म्हणाला, "कोरा, आमच्याकडे जनरेटर आहे हे कोणाला कळलं नव्हतं ना?"

मला राहवलं नाही. "अरे, तू तो ट्रकमधून उतरवलास तेव्हा आम्ही सगळे खिडकीत उभे होतो! सगळ्यांना माहीत होतं. आलं का रे कोणी काही मागायला?"