पानबाईचं रान

आमच्या चोपड्याकडे वेडा ओळखायची सोपी रीत आहे. काळी जमीन पदरात असून जो तिच्यात नांगर घालत नाही, तो वेडा. त्या रीतीने पानबाई पक्की वेडी ठरली होती. सातपुड्याच्या पायथ्याशी, माझ्या केळीला लागून तिचं अकरा एकर रान होतं, आणि त्यात तिने नांगर तर सोडाच, विळासुद्धा कधी जाऊ दिला नाही. मी चुडामण, तिचा बांधाशेजारी. नऊ वर्षं मी तिच्या नावाने बोटं मोडली आणि नऊ वर्षं दुपारची झोप तिच्याच झाडांखाली काढली.

पानबाई चोपड्यातल्या मारवाडी जैनांपैकी. नवरा कापसाचा व्यापारी, तो सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात वारला. पुढच्याच वर्षी तिच्या एकुलत्या एका मुलीने, चंदनने, सतराव्या वर्षी दीक्षा घेतली. डोक्यावरचे केस गेले, अंगावर पांढरी वस्त्रं आली, तोंडाला मुहपत्ती बांधली गेली आणि साध्वींच्या मागे अनवाणी चालत ती मारवाडाकडे निघून गेली. तिचं नाव आता सुव्रताजी. साध्वीला आई नसते. पानबाई होती, पण गर्दीतल्या चार बायांपैकी एक म्हणून. भेट झालीच तर हात जोडायचे, आशीर्वाद घ्यायचा आणि मागे सरायचं.

रान नवऱ्याने कधीकाळी घेऊन ठेवलेलं. एकोणपन्नासच्या फाल्गुनात ती पहिल्यांदा ते बघायला आली, बैलगाडीतून. मी आधीच मनात मांडे खाऊन बसलो होतो. बाईमाणूस, एकटी, शेतीतलं काही कळत नाही. जमीन आपल्याकडे येणार हे मी धरूनच चाललो होतो.

"अक्का, आठे काटास्शिवाय काय शे?" मी म्हणालो. "माले बटाईवर द्या. केयी लाई देसू."

पळस फुललेला होता, अंजनाच्या कोवळ्या तांबूस पानांतून ऊन खाली येत होतं, आणि नाल्याच्या काठाला एक मोर आमची दखलही न घेता चालला होता. पानबाई बघत राहिली. नवरा गेल्यापासून तिला शांत झोप नव्हती, असं तिनेच नंतर माझ्या बायकोला, बेबाबाईला सांगितलं. त्या दिवशी ती गाडीत बसल्या बसल्या झोपली. भर दुपारी, माना टाकलेल्या बैलांच्या मागे, तासभर. मी आणि गाडीवान उभे राहून तोंडं बघत होतो.

जागी झाल्यावर ती म्हणाली, "बठ्ठं ऱ्हाऊ द्या, भाऊ. जसं शे तसं."

तिथून सुरुवात झाली. रानाचा नियम एकच: जे आपणहून पडेल ते घ्यायचं, उभ्याला हात लावायचा नाही. धनसिंग पावरा डोंगरातून मोहाची फुलं वेचायला यायचा, त्याने वाऱ्याने पडलेल्या फांद्या जमवून अंजनाखाली एक खोप उभी केली. गळलेल्या पळसपानांचं छप्पर, शेणाने सारवलेली जमीन. रानाच्या वरच्या कोपऱ्यात शेंदराचा एक दगड होता. धनसिंग म्हणाला, हा आमचा वाघदेव. पानबाईने तिकडे कधी पाऊल टाकलं नाही. "तेस्नी जागा शे," एवढंच म्हणायची. दर आठ दिवसांनी ती चोपड्याहून यायची, लोकरीच्या मऊ पुंजणीने मुंग्यांना हळूच बाजूला करायची आणि सामायिकाला, म्हणजे मन स्थिर करायच्या ध्यानाला, बसायची. समोर वाळूचं घड्याळ. वाळू वरून खाली येईपर्यंत हलायचं नाही.

मी चेष्टा करायचो. मुंग्यांना वाट सोडायला एक माणूस ठेवा म्हणायचो. आणि राग तर मला यायचाच, का येऊ नये? तिच्या रानातली डुकरं अंधार पडला की माझ्या केळीत उतरायची आणि खोडं उकरायची. मी भांडायला जायचो तो तावातावाने. पण त्या वाटेने आत शिरलं की काहीतरी व्हायचं. वाट म्हणजे दोन दरडींमधली अरुंद नळी, पन्नासएक पावलांची. दोन्हीकडे बोरी-बाभळींची जाळी इतकी दाट, की दुसरीकडून कोल्ह्यालाच आत जाता यावं. त्या नळीतून चालताना बाहेरच्या मोटेची कुरकुर मागे पडायची, मग माझं स्वतःचं बोलणं मागे पडायचं. आत पोचलो की भांडण कशाचं होतं तेच आठवत नसे. ती डोळे मिटून बसलेली, होला घुमतोय, ससा तिच्या पदरापासून हातभर अंतरावर गवत खातोय. मी एका बुंध्याला टेकायचो. झोप आणि जाग यांच्या मध्ये कुठेतरी माणूस तरंगतो ना, तसा तरंगायचो. कधी वाटायचं झाडं श्वास घेताहेत, कधी वाटायचं माझी मेलेली आई नाल्यात भांडी घासते आहे. मग घड्याळातली वाळू संपायची आणि ती म्हणायची, "भाऊ, केयीले पानी नई का देनं आज?"

हे सगळं कशासाठी, हे तिने बेबाबाईशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. साध्वीसाठी म्हणून केलेल्या जागेत साध्वी उतरत नाही, तो दोष मानतात. म्हणून तिने जागा स्वतःच्या सामायिकासाठी केली आणि खरोखर नऊ वर्षं तिथे बसली. पण मनात एवढंच होतं, की मुलगी कधी या अंगाने आली तर एक रात्र इथे उतरावी. एकाच झाडाखाली एक रात्र, एवढ्याशावर त्या बाईचं आयुष्य अडकलेलं होतं. बेबाबाईच्या पोटात काही राहत नाही, त्यामुळे मलाही कळलं.

अठ्ठावन्न साली तो योग आला. सुव्रताजी आणि तिच्या गुरुणी माळव्यातून खाली उतरल्या, धुळ्याला आल्या. चातुर्मास रावेरला ठरला. तिथून पुढे त्या बऱ्हाणपूरमार्गे पूर्वेला जाणार, मग परत खानदेशात कधी ते कोणी सांगू शकत नव्हतं. धुळ्याहून रावेरला जायचं तर चोपड्यावरून, आणि गुरुणींनी पायथ्याची वाट धरायचं कबूल केलं. मुक्काम एक, पानबाईच्या खोपीत. पानबाई त्यांच्याबरोबर चालायला धुळ्याला गेली. जाताना मला म्हणाली, "भाऊ, रान तुमना हवाली."

मृग कोरडा गेला होता. जमीन तव्यागत तापलेली. अशात धुळ्याकडून आलेल्या एका गाडीवानाने सांगितलं, की सोनगीरच्या सडकेवर डांबर वितळलंय आणि साध्वींच्या तळपायांना फोड आलेत. धाकटी तर टाचांवर चालते. धाकटी म्हणजे आमची चंदन. लहानपणी बापाबरोबर यायची आणि माझ्या बांधावर बोरं वेचायची ती. मी नळीतल्या वाटेकडे बघितलं. पांढरा फुफाटा. हात घातला तर पोळला.

मी काय केलं, तर केळीचं पाणी फोडलं आणि त्या वाटेवर सोडलं. पंधरा दिवस, रोज सकाळी चार मोटा वाटेला. केळीची पानं करपायला लागली. बेबाबाई मोटेपाशी येऊन ओरडायची, "केयी पानीबिगर मरी ऱ्हायनी आन् तुम्ही फुफाटाले पानी पाजी ऱ्हायनात!" मी ऐकलं नाही. मी उभ्या जन्मात देवासाठी नारळ फोडायचीसुद्धा टाळाटाळ केलेला माणूस, पण त्या पंधरा दिवसांत मला स्वप्नं पडायची. पांढऱ्या वस्त्रांतली पावलं ओल्या मातीवरून चालताहेत, थंड मातीवरून, आणि पानबाई मागून येते आहे. आठव्या दिवशी वाटेवर कोंब आले. बाराव्या दिवशी वाट हिरवीगार झाली, दरडीपासून दरडीपर्यंत. सगळा मुलूख करपलेला आणि हा एक पन्नास पावलांचा गालिचा. मला वाटलं, पुण्य उगवलं.

त्या आल्या तेव्हा सूर्य दोन हात वर होता. पुढे थोरल्या साध्वी, मागे सुव्रताजी, तिच्या मागे पानबाई. मी धोतर धुऊन, टोपी घालून नळीच्या तोंडाशी उभा. थोरल्या साध्वी गवताच्या काठापर्यंत आल्या आणि थांबल्या. सुव्रताजी थांबली. मी पानबाईकडे पाहिलं, ती गवताकडे बघत होती.

साध्वी हिरव्यावर पाय देत नाहीत. पातं जिवंत असतं, त्यावर पाय देणं म्हणजे जीव चिरडणं. पानबाई संसारी, ती गवतावरून चालायची, म्हणून मला हे कधी कळलंच नव्हतं. नऊ वर्षं शेजारी बसून, झोपा काढून, मी एवढंही विचारलं नव्हतं.

दुसरी वाट नव्हती. नऊ वर्षांत तिने एक काटा तोडू दिला नव्हता, मग दुसरी वाट कुठली असणार? मी माझ्या केळीकडे पळालो, कुदळ आणली, पहिला घाव घालणार तोच थोरल्या साध्वींनी हात वर केला.

"रहने दो भाई. हमारे लिए एक तिनका भी मत काटो."

कुदळ माझ्या हातात तशीच राहिली. सुव्रताजी आत बघत होती. नळीच्या पलीकडे अंजनाखालची सावली दिसत होती, खोपीचा कोपरा दिसत होता. झाडांवर पाखरं परतत होती आणि सगळं रान किलबिलत होतं. तिने डोळे मिटले आणि मांगलिक, निरोपाचा मंगलपाठ, म्हटलं. ते तसं छोटं असतं. ती थांबत थांबत म्हणाली, एकेक शब्द वेगळा करून, आणि संपल्यावरही डोळे उघडायला तिने बराच वेळ लावला. मग आईकडे वळून, सगळ्यांना म्हणतात तेच म्हणाली, "दया पालो." अंधाराआधी पुढच्या गावची शाळा गाठायची होती. टाचांवर चालत ती गेली.

पानबाई गेली नाही. ती गवताच्या काठाशी बसली होती. मी तिच्यापासून लांब उभा, कुठे तोंड लपवावं ते कळत नव्हतं. तिने शिव्या द्याव्यात, काही करावं, असं मला वाटत होतं.

"अक्का, मन्ही चूक व्हयनी. मी पानी सोडं."

"कसाले सोडं, भाऊ?"

"सोनगीरनी सडकवर तिना पाय पोयनात असं आयकं," मी म्हणालो. "म्हनं आठे तरी गार लागोत."

दहा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, मुलीच्या दीक्षेलाही नाही. आता तिच्या गालांवरून पाणी ओघळलं, आणि ते पुसायचंही तिच्या ध्यानात आलं नाही.

"तिना पाय पोयतस," ती म्हणाली, "हाऊ इचार मन्हाशिवाय कोनले येत नई, असं माले वाटे."