मोझेलच्या वळणातलं गाव

पहिल्याच सकाळी तिनं माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "हा रंग धुतल्यावर जातो का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग दुसरी कुणी तरी पाठव."

दुसरी कुणी नव्हती. हॅलिफॅक्सच्या त्या नर्सिंग होममध्ये आमच्या मजल्यावर सकाळच्या शिफ्टला आम्ही दोघीच असायचो आणि त्या म्हातारीच्या बाजूच्या खोल्या माझ्याकडे होत्या. नागपुरात मी अकरा वर्षं शाळेत इतिहास शिकवला होता. नवऱ्याला इथल्या विद्यापीठात काम मिळालं म्हणून आलो. माझ्या बी.एड.ला इथं कुणी विचारेना, तेव्हा एक कोर्स करून मी म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायला, भरवायला, डायपर बदलायला लागले. दोन हजारचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं.

ती जर्मन होती, ऐंशीच्या घरातली. लग्न होऊन तरुणपणीच कॅनडात आलेली. नवरा कधीच वारलेला, मुलगा ओटावात. डोकं दुपारपर्यंत लख्ख असायचं, मग हळूहळू गढूळ होत जायचं. पांढरे केस कमरेपर्यंत लांब होते. ते रोज विंचरून वेणी घालायचं काम माझं. एक केस ओढला गेला तरी ती माझ्या मनगटाला चिमटा काढायची. सुपरवायझरला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्यांचं वय बघ ना."

एकदा म्हातारीनं विचारलं, मी कामावर कशी येते. मी म्हणाले, "डार्टमथहून फेरीबोटीनं."

"आमच्या गावालाही फेरी होती," ती म्हणाली. "पूल नव्हता. तारेला बांधलेली नाव, प्रवाहच ती पलीकडे नेतो. तुला नाही कळायचं."

"मी इतिहासाची शिक्षिका आहे," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"तुमच्याकडे इतिहास असतो?"

पण तिचं ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. गावानं कसल्याशा वर्धापनदिनाला छापलेली एक स्मरणिका तिला पोस्टानं आली होती. दुसऱ्या दिवसापासून मी तिला ओटमील भरवायची आणि ती दोन घासांच्या मध्ये त्यातलं वाचून इंग्रजीत सांगायची. मोझेल नदी तिथं एवढी वळते, की सकाळी घरासमोर दिसलेली बोट तासाभरानं डोंगरामागून जाताना दिसते. त्या वळणाच्या काखेत गाव. एकच गल्ली, काळ्या पाटीच्या दगडाची छपरं. मागं द्राक्षमळे, इतके उभे, की पावसानं माती खाली येते आणि बायका ती पाठीवरच्या डालग्यांतून पुन्हा वर नेऊन टाकतात. दरवर्षी तीच माती. पाव भाजायची भट्टी गावात एकच, कुठल्या घराची पाळी कोणत्या वारी हे ठरलेलं. चर्चच्या भिंतीवर पुराच्या खुणा कोरलेल्या. सगळ्यात वरची खूण गोठलेल्या नदीवरचं बर्फ फुटून आलेल्या पुराची, माणसाच्या डोक्याच्याही वर. कन्हानकाठच्या माझ्या मामांच्या गावातही देवळाच्या खांबावर अशीच खूण होती. तिला सांगितलं, तर म्हणाली, "असेल. पण तुमची नदी घाण असणार."

तरीही मला ते ऐकायची ओढ लागली. कित्येक महिन्यांनी कुणी माझ्याशी इतिहासाबद्दल बोलत होतं. मठातले साधू, फ्रेंच सैनिक, तोफांसाठी वितळवायला नेलेली चर्चची घंटा, सगळं मी घरी जाऊन नवऱ्याला सांगायची. तो म्हणायचा, "एवढ्या शिव्या देते ती तुला, अन् तू तिचं गाव काहून ऐकत बसतेस?"

मग दुसऱ्या महायुद्धाचं पान आलं. एक नव्हे, अर्धंच. घंटा पुन्हा गेली, माघार घेणाऱ्या आपल्याच सैन्यानं फेरी बुडवली, गावात जीवितहानी नाही.

"एवढंच?" मी विचारलं. वर्गात विचारायची तसं. "एवढ्या वर्षांत गावात दुसरं काहीच झालं नाही?"

ती हसली. आणि मग दोन-तीन सकाळींत तिनं सांगितलं. आवाज पुराबद्दल सांगतानाचाच होता.

मळ्यात कामाला पोलंडहून धरून आणलेली माणसं गावात वाटली होती. एक त्यांच्या घरी आला. त्याला जेवायला वेगळं बसवायचं, जर्मन मुलीशी संबंध ठेवला तर फाशी, असा हुकूम होता. ती चौदा वर्षांची, बहीण अठराची. भट्टीच्या मागं बहिणीला आणि त्याला तिनं एकत्र पाहिलं. तिनं ते शाळामास्तरांना सांगितलं, कारण मास्तर नाझी पक्षाचे होते.

"का सांगितलंत?"

"आईनं स्वतःचा लग्नातला झगा तिला दिला होता. मला नाही."

शहरातून गणवेशातले लोक आले. त्या माणसाला मळ्याच्या वरच्या कडेला फाशी दिली. बाकीच्या पोलिश मजुरांना रांगेनं नेऊन ते बघायला लावलं. बहिणीला चर्चसमोरच्या लिंडेनच्या झाडाखाली खुर्चीवर बसवून खानावळवाल्यानं मेंढ्यांच्या कातरीनं तिचे केस कापले. सगळं गाव जमलं होतं.

"तुम्ही कुठं होतात?"

"पुढं. मी बुटकी होते, मागून दिसलं नसतं."

बहीण दोन वर्षं छळछावणीत राहून परत आली. त्याच घरात राहिली. त्याच खानावळवाल्याच्या बायकोबरोबर डालगी वाहिली. तिच्याशी त्याबद्दल कुणी काही बोललं नाही आणि तिनंही कुणाला विचारलं नाही.

मी म्हातारीचं तोंड पुसलं आणि ट्रे उचलला.

त्यानंतर महिन्याभरातच सुपरवायझरनं मला ऑफिसात बोलावलं. म्हातारीचं लाल खड्यांचं ब्रोच गेलं होतं आणि तिनं माझं नाव घेतलं होतं. सगळ्यांसमोर माझा लॉकर उघडला. पिशवी टेबलावर उलटी केली. डबा, विंटर बूट, सॅनिटरी पॅड, सगळं. चार दिवस घरी बसवलं. पाचव्या दिवशी फोन आला, ब्रोच तिच्याच लोकरी मोज्यात सापडलं, ये. माफी कुणी मागितली नाही.

मी वेणी घालायला गेले, तर ती म्हणाली, "मला माहीत होतं ते मोज्यात आहे."

"मग असं का केलंत?"

"अजून माझं ऐकतात का, ते बघायचं होतं. ऐकतात."

मी वेणी पुरी केली. पुढं एका दुपारी आंघोळीनंतर तिचे ओले केस माझ्या मुठीत होते. तिचं डोकं गढूळ व्हायची वेळ झाली होती. मी वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "आज केस कापायचेत ना? खाली सगळं गाव जमलंय. झाडाखाली."

ती आक्रसली. दोन्ही हात डोक्यावर गेले. जर्मनमध्ये काहीतरी भराभर पुटपुटायला लागली. मला त्यातलं एकच कळलं, ती आईला हाक मारत होती.

मला बरं वाटलं. हे मी खोटं सांगणार नाही. आणि एकदाच केलं असतं तर आज त्याला संताप म्हणता आलं असतं. मी ते पुन्हा केलं. तिनं चिमटा काढला, की मी म्हणायची, "बोलावू का त्यांना?" पंधरा दिवसांत ती माझ्याकडे बघेनाशी झाली. हात पुढं कर म्हटलं की करायची, तोंड उघड म्हटलं की उघडायची. सुपरवायझर दारातून बघून म्हणाली, "तुझ्याबरोबर किती शांत असते गं. काय जादू केलीस?"

मग ती सकाळीही डोक्याला हात लावू देईना. केसांचा गठ्ठा झाला, मानेवर त्याखाली जखम होऊन चिघळली. डॉक्टर म्हणाले, कापावेच लागतील. ओटावाहून मुलगा आला होता. तो साधा माणूस होता, साठीचा, तिच्या पायाशी बसून सारखा म्हणत होता, "ममा, पाच मिनिटांचं काम आहे." सुपरवायझरनं मला सांगितलं, "तू हात धर. तुझं ऐकते ती."

मी धरले. नर्सनं कात्री लावली तशी ती ओरडायला लागली. एवढ्याशा देहातून असा आवाज येईल असं वाटलं नव्हतं. कॉरिडॉरमधल्या व्हीलचेअर दाराशी येऊन थांबल्या, सगळे आत बघत होते. मुलानं रडवेल्या आवाजात मला विचारलं, "हिला एवढी कशाची भीती वाटतेय? तुम्हाला काही बोलली होती?"

"नाही," मी म्हणाले.

त्यानंतर ती बोलली नाही. इंग्रजीही नाही, जर्मनही नाही. मी अजून पाच महिने तिथं होते. तिला भरवत होते, रोज, वेळेवर. ती गेली तेव्हा माझी सुट्टी होती.

त्या उन्हाळ्यात मी एका शाळेत असिस्टंटच्या जागेसाठी अप्लाय केलं. सुपरवायझरनं आपणहून पत्र लिहून दिलं. त्यात होतं, अवघड माणसांशी वागताना हिच्याकडे विलक्षण संयम आहे. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "हे कसं जमतं तुम्हाला?" मी हसून म्हणाले, "मी ऐकून घेते." नोकरी मला मिळाली.