शहाण्णवनंतरचं पान

लोक पुस्तकांत काय काय सोडून जातात हे ज्याने पाहिलंय, त्याला लोकांची तोंडं बघवत नाहीत, असं खळकाकूंचं ठाम मत होतं आणि ते त्या कुणी न विचारताही देत. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी सत्तावीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवली होती. पिठाची खळ स्वतः शिजवायच्या, म्हणून खळकाकू. खरं नाव पगारपत्रकातच काय ते उरलं होतं. चिरडलेले डास, नखांचे तुकडे, चहाची वर्तुळं, वाळलेला शेंबूड, आणि एकदा तर जखमेवरची पट्टी, रक्ताच्या डागासकट, खूण म्हणून घातलेली. "शी! ह्यांच्या घरी साधी दोरी मिळत नाही का?" असं म्हणत काकू नाकाला पदर लावून पान पुसत.

पुस्तकांत सापडलेले कागद त्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकत. पावत्या, तिकिटं, चिठ्ठ्या. त्यातला जाडसर तुकडा निवडून पुस्तकाच्या पाठीवर, कापडाच्या आत, आधाराला डकवायचा ही त्यांची रीत. तुकड्यावर काय लिहिलंय ते कधी वाचत नसत. दुसऱ्यांची उष्टी अक्षरं कशाला वाचायची?

त्यांना सगळ्यात जास्त शिसारी होती ती एका लेथवाल्याची. कारखान्यातून तो दर शनिवारी परस्पर वाचनालयात येई. त्याने नेलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रत्येक पानावर, खालच्या कोपऱ्यात, तेलकट काळा ठसा उमटलेला असायचा. काकूंनी त्याचं नाव काळा अंगठा ठेवलं होतं. खोडरबर झिजले, ब्लेडं झिजली, ठसा जाईना. शेवटी मागच्या आठवड्यात काकूंनी लेखी तक्रार केली: ह्या इसमाचं सभासदत्व रद्द करावं. ग्रंथपालांनी त्याला नोटीस धाडली. निकाल शनिवारच्या समितीच्या बैठकीत लागणार होता, आणि काकू त्या दिवसाकडे डोळे लावून बसल्या होत्या.

सोमवारी दर्शनी फळ्यावर नवं कार्ड लागलं. 'वाचकाचा आठवडा' हा त्या फळ्याचा मथळा. दर आठवड्याला एका सभासदाने नुकतंच काय वाचलं, सध्या काय चालू आहे आणि पुढे काय वाचणार ते लिहायचं, शेजारी फोटो. ह्या खेपेला खुद्द समितीचे अध्यक्ष होते. नुकतंच वाचलेलं: निळ्या कापडी बांधणीतली ती जाडजूड कादंबरी. 'एका बैठकीत संपवली. एकही पान वगळावंसं वाटलं नाही.' सध्या चालू: तीन पुस्तकं, एकाच वेळी. पुढे वाचणार: मित्राचं अजून छापखान्यातही न गेलेलं पुस्तक, आणि ते 'अप्रतिम' असल्याची ग्वाही.

"छापायच्या आधीच अप्रतिम," काकू कारकुनाला म्हणाल्या. "आमच्याकडे आलं की मीच डोळे मिटून शिवीन."

फोटोसाठी अध्यक्षांनी ती निळी कादंबरी अशी काही फाकवली होती की तिची पाठच निखळली. शनिवारी बैठकीत त्यांना ती हातात धरायची होती, म्हणून ती काकूंच्या टेबलावर येऊन पडली.

मंगळवारी लेथवाला वेळेआधीच आला. नोटीस मिळाली होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक कारकुनासमोर ठेवून निघून गेला. काकूंनी पानं चाळली. एकही डाग नाही.

"बघा, नोटीस लागली की कशी अक्कल येते," त्या म्हणाल्या आणि दिवसभर खुशीत राहिल्या.

बुधवारी त्यांनी निळी कादंबरी उसवायला घेतली. पुस्तक म्हणजे सोळासोळा पानांचे फर्मे, एकावर एक ठेवून शिवलेले. पान शहाण्णव उलटलं आणि पुढे आलं एक्याऐंशी. काकूंना वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. पुन्हा उलटलं. एक्याऐंशी ते शहाण्णव हा फर्मा दोनदा होता आणि त्यानंतर एकदम एकशेतेरा. मधली सोळा पानं गायब.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बांधणी त्यांचीच होती. सात वर्षांपूर्वी ह्या कादंबरीच्या दोन प्रती एकदमच खिळखिळ्या होऊन आल्या होत्या. त्या दिवशी ग्रंथपालांशी कडाक्याचं भांडण झालेलं. दोन्ही प्रती उसवून, फर्मे शेजारीशेजारी रचून, रागारागात शिवलेल्या. इकडचा एक फर्मा तिकडे आणि तिकडचा इकडे गेला होता. सत्तावीस वर्षांत आपला एक टाका चुकला नाही असं त्या जगाला सांगत आल्या होत्या.

मग त्यांनी तारखांचा कागद पाहिला. सात वर्षांत अडतीस शिक्के. अडतीस जणांनी नेलं, परत आणलं, एकानेही तक्रार केली नाही. अडतिसावे अध्यक्ष. एकही पान वगळावंसं वाटलं नाही! काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःच्या चुकीची लाज होतीच, पण त्याहून मोठा वीट आला तो माणसांचा. ह्यांच्या शेंबडासाठी आपण सत्तावीस वर्षं खळ शिजवली?

तेवढ्यात कोपऱ्यातला ठसा दिसला. काळा अंगठा ह्याही पुस्तकाला लागला होता. पहिल्या पानापासून, एकही न चुकता, शहाण्णवपर्यंत. दुसऱ्यांदा आलेल्या एक्याऐंशीवर तर चांगलाच गडद, अंगठा तिथे बराच वेळ टेकलेला असावा. पुढच्या पंधरा पानांवर काही नाही. एकशेतेरापासून पुन्हा शेवटपर्यंत.

काकू त्या कोऱ्या कोपऱ्यांकडे बघत राहिल्या. पाठीचं जुनं कापड सोलताना आत त्यांनीच पाच वर्षांपूर्वी, पाठ पुन्हा सैल झाली तेव्हा, डकवलेला आधाराचा तुकडा निघाला. कडेला काळा ठसा. ओल्या फडक्याने खळ पुसली तशी अक्षरं वर आली.

'बाइंडिंग करणाऱ्या ताईंना. शहाण्णवनंतर परत एक्याऐंशी आलंय. सत्त्याण्णव ते एकशेबारा नाहीत. त्या बाईने पत्र फाडलं की पाठवलं ते कळलं नाही. दुसरी प्रत असेल तर कळवा. मी दर शनिवारी येतो.'

अडतीस जणांत एक माणूस वाचणारा निघाला होता, आणि काकूंनी त्याला खळ लावून पुस्तकाच्या पाठीत चिणला होता. त्यांना स्वतःचीच किळस आली. आणि मंगळवारचं ते डाग नसलेलं पुस्तक आठवलं. त्याने ते उघडलंच नव्हतं.

गुरुवारभर त्या माळ्यावर होत्या. दुसरी प्रत सापडली. तिच्यात सत्त्याण्णव ते एकशेबारा दोनदा. शुक्रवारी निळी कादंबरी नीट शिवून झाली.

शनिवारी बैठकीत लेथवाला दाराशी उभा होता, हात मागे बांधून. काकूंनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "माझी तक्रार मी मागे घेते. ह्यात सोळा पानं नव्हती. चूक माझी. सात वर्षांत ती फक्त ह्यांना दिसली."

ग्रंथपाल पंख्याकडे बघू लागले.

"मलाही तिथे जरा तुटक वाटलं होतं," अध्यक्ष म्हणाले. "लेखकाची शैली म्हणून सोडून दिलं."

काकूंना ओकारी यायची बाकी होती. त्या पुस्तक घेऊन दाराशी गेल्या. "घ्या. आता पूर्ण आहे."

"नको ताई." त्याने हात आणखी मागे नेले. "रॉकेलने घासले तरी काळं निघत नाही. मी सभासदाचं कार्ड परत द्यायला आलोय."

"अहो, घ्या म्हणते ना!"

"नको. तुम्हीच सांगून टाका. सहा वर्षं डोक्यात आहे. त्या बाईने पत्र फाडलं का हो?"

पुस्तक तीनदा त्यांच्या हाती आलं होतं. दोन दिवस ती सोळा पानं त्यांनी मोजली, दाबली, शिवली होती. कोणती बाई आणि कसलं पत्र, त्यांना काहीच माहीत नव्हतं.

"मी वाचलं नाही," त्या म्हणाल्या.

सत्तावीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी खाली बघत पान सत्त्याण्णव उघडलं आणि पुस्तक त्याच्यासमोर धरलं. तो हात मागेच ठेवून वाकला. पान संपलं की तो मान हलवायचा, मग त्या उलटायच्या.