रक्तपेढीच्या सर्व्हरवाल्या मॅडम

एंटरची कळ दाबण्याआधी मॅडम दोन्ही हात मांडीवर घ्यायच्या. पडद्यावर स्वतःच टाइप केलेली ओळ ओठांतल्या ओठांत वाचायच्या, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मग उजव्या हाताची करंगळी हळूच पुढे यायची आणि कळ दाबायची. दारात कुणी कितीही घाईने उभं असलं तरी यात फरक पडत नसे.

“वाचल्याशिवाय एंटर नाही,” त्या म्हणायच्या. दारातला माणूस मुकाट थांबायचा.

वसईतल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या रक्तपेढीत मी नोकरीला लागले, तेव्हा लग्न होऊन नालासोपाऱ्यात येऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते. मुंबईची नोकरी सोडली होती आणि रिक्षाने पोचता येईल असं काम शोधत होते. संगणकाच्या खोलीत दोनच माणसं, मॅडम आणि मी. त्या वसईजवळच्या पापडी गावच्या. मुंबईत एका संशोधन संस्थेचे संगणक सांभाळून निवृत्त झालेल्या. घरी वाडी, चाफ्याची आणि केळीची झाडं, एक धाकटी बहीण. आमच्याशी अगदी पुस्तकातलं मराठी बोलायच्या. बहिणीचा फोन आला की मात्र घरची बोली अशी भरभर सुरू व्हायची, की मला त्यातलं निम्मंही कळायचं नाही.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचं काम नीट चाललेलं असतं, तोवर ती नक्की काय करतात हे कुणालाच ठाऊक नसतं.

मॅडमच्या हाती होती रक्तदात्यांची यादी. नाव, गाव, रक्तगट, फोन. सगळं एका डेटाबेसमध्ये, आणि तो डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम, म्हणजे सर्व्हर, एका जुन्या लिनक्स मशीनवर. मशीन इतकं जुनं, की त्यावर चालेल असं तयार सॉफ्टवेअर आता मिळत नव्हतं. मग मॅडम त्या सर्व्हरचा सोर्स कोड, म्हणजे माणसांनी लिहिलेला मूळ मजकूर, पेनड्राइव्हवर घेऊन यायच्या आणि तिथेच, त्या मशीनवर, त्यातून चालता सर्व्हर बांधून घ्यायच्या.

आधी कॉन्फिगर. म्हणजे प्रोग्राम मशीनला प्रश्न विचारत सुटायचा. कंपायलर आहे का? ही लायब्ररी आहे का? ती आहे का? पडद्यावर ‘आहे, आहे, आहे’ अशा ओळी सरकायच्या आणि मॅडम प्रत्येक ओळीला मान हलवायच्या. मध्येच एखादा ‘नाही’ आला आणि सगळं थांबलं की माझा चेहरा पडायचा. त्या खूश.

“बघ, नाही म्हणाला. नाही म्हणणारा बरा गं. गप्प बसणारा वाईट.”

मग मेक, म्हणजे प्रत्यक्ष बांधणी. यात तास-दीड तास जायचा. मशीनचा पंखा घरघरायला लागला की त्या पिशवीतून सुकेळीची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पुडी काढायच्या, मला दोन द्यायच्या, स्वतः एक घ्यायच्या आणि सरकत्या ओळींकडे बघत बसायच्या. मेक झालं की तपासणी, आणि तपासणीत सगळं बरोबर आलं तरच इन्स्टॉल.

“एवढा खटाटोप कशाला मॅडम? नवं मशीन मागू या की,” मी एकदा म्हटलं.

“मागितलंय. येईल तेव्हा येईल. पण एक सांगू? उद्या हे मोडलं, तर कुठे बोट ठेवायचं ते मला माहीत आहे. जोडताना प्रत्येक सांधा बघितलाय ना.”

मला हे सगळं जरा जास्तच वाटायचं. तीनचार वेळा बघून मला ते पाठही झालं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

पापडीच्या चर्चचा सण होता, त्या बुधवारी मॅडम रजेवर होत्या. नव्या आवृत्तीचा सोर्स पेनड्राइव्हवर पडलेला. आपण करून ठेवू, मॅडम गुरुवारी येतील आणि बघतच राहतील, असं माझ्या मनात आलं. सकाळी आल्या आल्या सुरुवात केली. कॉन्फिगर करतानाच सर्व्हरला सांगावं लागतं, की अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवायची. ते सांगितलं नाही, तर तो इंग्रजी धरून चालतो. सूचनांमध्ये ते लिहिलेलं होतं. मी ते पान वाचलंच नाही. तपासणीला वेळ लागतो म्हणून ती वगळली. नवा सर्व्हर जुन्याच्याच जागेवर चढवला. यादीची प्रत नव्या प्रोग्रामने काढली, डिस्कवर जागा हवी म्हणून जुना डेटा पुसून टाकला आणि प्रत परत भरली. कुठेही अडलं नाही. एकही ‘नाही’ आला नाही.

साडेअकराला रक्तपेढीच्या डॉक्टर स्वतः धावत आल्या.

“बी निगेटिव्हचे दाते काढ लवकर. बाळंतीण आहे, रक्तस्राव थांबत नाहीये. आपल्याकडे एकच पिशवी आहे.”

मी यादीत शोधलं. अकरा ओळी आल्या. रक्तगट इंग्रजी अक्षरांत, तो बरोबर होता, फोन नंबर होते. मराठीतल्या नावांच्या रकान्यात मात्र नुसती प्रश्नचिन्हं. गावाच्या रकान्यातही प्रश्नचिन्हं. मी सगळी यादी उघडली. रक्तपेढीचा एकूण एक दाता प्रश्नचिन्ह झाला होता.

मॅडमना फोन करून यादीतली नावं गेल्याचं सांगितलं. मागे बँडचा आवाज येत होता. “येते,” एवढंच त्या म्हणाल्या. पंधरा मिनिटांत रिक्षा दारात. सणाची जांभळी रेशमी साडी, कानांत सोन्याच्या कुड्या, अंबाड्यावर फुलं. खुर्ची ओढून त्या पडद्यासमोर बसल्या. मला वाटलं, आता विचारतील, काय केलंस म्हणून.

त्या म्हणाल्या, “आकडे शाबूत आहेत. नंबर म्हणजे आकडेच. डोळे पूस आणि फोन घे. वरचे सहा मी लावते, खालचे पाच तू.”

मग मी त्यांना बोलताना ऐकलं.

“नमस्कार, रक्तपेढीतून बोलतेय. तुमचा नंबर आहे आमच्याकडे, रक्तगट आहे. नाव तेवढं आमच्या हातून हरवलं. सांगाल का?”

पहिल्याने फसवणुकीचा फोन समजून ठेवून दिला. दुसरे गावाला गेलेले. तिसरा फोन अर्नाळ्याला लागला. मॅडमनी तो स्पीकरवर टाकला होता.

“कोन बोलतं? नाव हरवलं म्हनजे?”

“म्हणजे आमची चूक झाली हो, दादा. एका बाळंतिणीला रक्त हवंय. याल का?”



“बोंबील वाळत घालतोय. हात धुतो नि येतो. पन आता तरी माझं नाव नीट लिवून ठेवा.”

मॅडमनी त्यांचं नाव विचारलं आणि एका कोऱ्या अर्जामागे मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्याखाली कळंबच्या एका बाईंचं नाव आलं. त्या पर्यटकांची खोली झाडत होत्या, तशाच निघाल्या. दुपारी दोनपर्यंत तिघं जण आली. होती ती पिशवी आधीच चढवली होती. नव्या रक्ताची तपासणी होईपर्यंत डॉक्टरांनी कसंबसं निभावून नेलं. संध्याकाळी त्या आमच्या दाराशी येऊन म्हणाल्या, “आहे. ठीक आहे ती. मुलगी झालीय.”

पण अजून व्यवस्थापकांच्या खोलीत जायचं होतं. मी नोकरी गेली असं धरूनच चालले होते. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, “माझ्या खोलीत झालं. जबाब माझा घ्या.” आणि तसं लिहून, सही करून दिलं.

बाहेर आल्यावर मी रडत म्हटलं, “मॅडम, तुम्ही का अंगावर घेतलंत? मी केलं होतं.”

“तू केलंस. त्याबद्दल तुला काय वाटतंय ते दिसतंय मला. पण मी खोटं नाही बोलले.” त्या पायरीवर थांबल्या. “इतके महिने मी करत होते आणि तू बघत होतीस. एकदाही तुझ्या हातात दिलं नाही. माझ्याच मशीनला कुणी हात लावू नये असं वाटायचं मला. ती चूक माझीच ना?”

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी खुर्च्या बदलल्या. कळफलकासमोर मी, मागे त्या. दर शनिवारी त्या यादीची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून लोखंडी कपाटात ठेवायच्या, हे मला तेव्हा कळलं. किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, “आता ही तुझ्याकडे.” मी अगदी पहिल्यापासून सगळं बांधलं. दोनदा चुकलं, दोनदा पुसलं. त्या मागे बसून नुसतं बघत होत्या. तिसऱ्यांदा तपासणीतलं सगळं बरोबर आलं, कपाटातली प्रत भरली आणि यादीत नावं उमटली, मराठीत, काना-मात्रांसकट. शनिवारनंतरच्या नोंदी कागदी अर्जांवरून आम्ही दोघींनी पुन्हा भरल्या. मी वाचत होते आणि त्या टाइप करत होत्या, मग उलट.

त्यानंतरची चार वर्षं मी त्या खोलीत शिकले. नंतर दुसरीकडून चांगल्या नोकऱ्यांचे फोन आले, तेही त्या चार वर्षांमुळे; मी मात्र इथेच राहिले. पण मी जास्त ऋणी आहे ती त्या पायरीवरच्या दोन मिनिटांसाठी. चूक झालेल्या माणसाला पुन्हा त्याच खुर्चीत बसवायचं, हे मी तोवर कुठे पाहिलं नव्हतं. घरी नाही, कॉलेजात नाही, मुंबईच्या ऑफिसात तर नाहीच.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. आजारपण थोडक्यात आटोपलं. पापडीच्या चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसले होते. तिथल्या प्रार्थना मला येत नव्हत्या, म्हणून नुसती ऐकत राहिले.

पुढे दोनेक महिन्यांनी सर्व्हरची नवी आवृत्ती चढवायची वेळ आली. नवं मशीन अजून आलेलं नव्हतं. सोर्स आणला, सूचना सबंध वाचल्या. जुना सर्व्हर चालूच ठेवून नवा वेगळ्या फोल्डरमध्ये बांधला, तपासला, प्रत भरली. सगळी यादी डोळ्यांखालून घातली आणि मगच जुना बंद केला.

तेवढ्यात रक्तपेढीतली नवी तंत्रज्ञ आत आली.

“ए निगेटिव्हचे दाते हवेत. विरार, अर्नाळा बाजूचे.”

मी यादी काढून छापली. तिने कागद हातात घेतला, नावांवरून नजर फिरवली आणि जाता जाता वळून म्हणाली, “मॅडम, प्रिंट जरा फिकट येतेय. शाई संपत आली वाटतं.”

सर्व्हर बदललाय, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

“बघते,” मी म्हटलं, आणि शाई भरायला उठले.