खडी फोडणारी बाई

बाहत्तरच्या दुष्काळात मी मिरजगावच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. नगरला सार्वजनिक कलादालन उघडणार, जिल्ह्यातल्या चित्रकारांनी चित्रं द्यावीत, असा निरोप आला. माझ्या शेजारची बाई रोज दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरची जमीन होती, पण त्या साली तिच्यात कुसळही उगवलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी मी तिला समोर बसवायची.

“बाई, माझं त्वांड नका काढू. लई काळवंडलंय,” ती म्हणायची. तरी हातोडी धरून बसायची. पाठ भरून आली तरी हलायची नाही.

चित्र निवडलं गेलं, दर्शनी भिंतीवर लागल्याचंही कळलं. उद्घाटनाला मी तिला सोबत घेतलं. कामाचा खाडा करून, ठेवणीतलं लुगडं नेसून ती एसटीत बसली. दालनात पोचलो तर दर्शनी भिंतीवर उसाच्या हिरव्यागार फडाचं चित्र.

मी समितीच्या अध्यक्षांना गाठलं.

“मंत्रीसाहेब येतायत. त्यांच्यासमोर उपाशी बाई कशी टांगायची? समजून घ्या,” ते म्हणाले.

ती माझ्या शेजारीच उभी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

चित्र मागच्या खोलीत खुर्च्यांच्या चळतीआड सापडलं. मी ते उचललं, तर शिपायानं अडवलं. म्हणे, आता ते दालनाचं. मग ती म्हणाली, “मंग मला कशाला बसवलं हुतं, बाई?”

परतीच्या एसटीत ती माझ्याशेजारी बसली नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी, दालन मोठं झाल्यावर, त्याच्या इतिहासाची पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर माझं तेच चित्र. आत लिहिलेलं, दुष्काळाचं दाहक वास्तव या दालनानं पहिल्याच दिवशी लोकांसमोर मांडलं. मला सत्काराला बोलावलं. ती बाई तोवर वारली होती.

माइक हातात आल्यावर मी सांगितलं, “हे खोटं आहे. त्या दिवशी हे चित्र उतरवलं होतं. जिचं ते चित्र आहे ती इथं आली होती, तिला कुणी विचारलंही नाही.”

सूत्रसंचालक हसत पुढं आला. “बाईंचा परखडपणा आजही तसाच आहे!” तो म्हणाला, आणि सभागृहानं टाळ्या वाजवल्या.

पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीतही ‘पहिल्याच दिवशी’चं ते वाक्य तसंच छापलं गेलं.