निवळीच्या टाक्या

इनायत नाशिकजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर होता. कारखान्याचं काळं सांडपाणी ओढ्यात जाई आणि खाली त्याच्याच वाडीपाशी साचे. वास असा, की मासूमा, त्याची बायको, जेवताना दार लावून घेई. नवरा कारखान्यात म्हणून वाडीतले लोक तिच्याशी बोलेनासे झाले.

पूर्वी कारखान्यात गूळ वितळवून साखर करत. सन चौतीसमध्ये थेट उसापासून साखर करायची नवी यंत्रं आली आणि जुन्या टाक्या गंजत पडल्या. गुळाच्या पाकात चुना घालून त्यातला मळ खाली बसवायच्या टाक्या त्या. सांडपाणीही असंच निवळेल, असं इनायतनं मॅनेजरला सुचवलं. फुकटात होतंय म्हणून मॅनेजरनं होकार दिला. इनायतनं नळ फिरवले, तळाला गाळ काढायची झडप बसवली. पाणी ओढ्यात पडलं ते ताकाच्या निवळीसारखं.

वाडीनं त्याला मारुतीच्या पारावर बोलावून नारळ दिला. शेजारच्या केरूनं विचारलं, "इनायतभाई, जनावरं सोडू का पाण्यावर?"

"सोड की," इनायत म्हणाला.

चुन्यानं मळ बसला होता. पाण्यात विरघळलेली साखर तशीच जात होती. चैत्रात ओढ्याची धार तुटली, डोहात ते पाणी आंबलं. मासे उलटे तरंगले. केरूची गाभण गाय तेच पाणी प्यायली आणि दोन दिवस तडफडून मेली.

इनायत मॅनेजरकडे गेला. पाणी ओढ्यात न सोडता माळावर पसरू द्या, म्हणाला. मॅनेजरनं ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात वाडीच्या तक्रारीवरून मामलेदार आले, तेव्हा त्यानं टाकीतलं पाणी काचेच्या पेल्यात धरून दाखवलं आणि इनायतला पुढं केलं. हा त्याच वाडीतला, यानंच हे बसवलं, म्हणाला.

मामलेदारांनी विचारलं, "पाणी स्वच्छ आहे ना?"

"दिसायला आहे, साहेब."

पुढचं बोलायच्या आत मॅनेजर त्यांना चहाला घेऊन गेला. तक्रार निकालात निघाली.

इनायतनं नोकरी सोडली नाही. दुसरी कुठं होती? केरूच्या दारी तो एकदा गेला. केरू गोठा झाडत होता. त्यानं वर पाहिलं आणि झाडत राहिला. त्या पावसाळ्याआधी मासूमानं बिऱ्हाड नाशकात हलवलं. टाक्या मात्र चालू राहिल्या, आणि दर हंगामाला त्यांत चुना टाकायचं काम इनायतकडेच होतं.