देवीने सांगितलेले गिगाहर्ट्झ

आमच्या ग्रामदेवीला कॉम्प्युटरमधले कळत नाही, असे गावात म्हणतात. हा आरोप खोटा आहे.

निवृत्तीनंतर मला येणाऱ्या प्रोसेसरांचा वेग आधीच सांगायचा नाद लागला. फुटलेल्या बातम्या वाचायच्या, मागच्या पिढ्यांचे आकडे बघायचे आणि अंदाज ठोकायचा. एकदा तो बरोबर आला. तेव्हापासून आमच्या मिठबाव गावात लोक मला आंब्याच्या भावाइतक्या गंभीरपणे गिगाहर्ट्झ विचारू लागले.

माझी पुतणी लग्नांचे व्हिडिओ जोडून देते. तिचा कॉम्प्युटर गचके खात होता.

"काका, लग्नसराई तोंडार इली. आताच नवो घेव काय थांबू?"

"थांब. साडेसहा गिगाहर्ट्झचो प्रोसेसर येतलो."

भाऊ म्हणाला, "देवीक इचारूया."

आमच्याकडे कौल लावतात. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाणे घालायचा, म्हणजे गावातर्फे देवीशी बोलायचा मान आमच्या घराचा, म्हणून विचारणारा मीच. साडेसहा? डावी. सव्वासहा? डावी. सहा? डावीच.

गुरव वैतागला. "देवीकडे घासाघीस करतास? हय काय बांगडे इकतत?"

मी रागाने पाच पॉइंट सात म्हटले आणि उजवी पाकळी टपकन पडली. हा तर तेव्हा दुकानात मिळत होता तोच वेग! वाढणार काही नाही, पोरीला घेऊ दे, असे देवी सरळ सांगत होती. पण गिगाहर्ट्झ कळणारा तिथे मी एकटाच. पुतणी देवळाबाहेर फोनवर कुठल्याशा नवरीच्या बापाची समजूत घालत होती.

"काय म्हणता देवी?" तिने आत येऊन विचारले.

"थांब म्हणता."

ती थांबली. ऐन सराईत जुना कॉम्प्युटर बसला आणि तिची सगळी लग्ने देवगडच्या फोटोवाल्याकडे गेली. नवा प्रोसेसर आला, तो पाच पॉइंट सातचाच. देवीचा कौल खोटा ठरला म्हणून लोक गुरवाला चिडवू लागले.

शेवटी जत्रेला मी गाऱ्हाण्यातच कबुली घातली. "बा देवी म्हाराजा, तुझो कौल खरो होतो, मीच खोटा सांगलंय!"

गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला गाव ओरडतो, तसा ओरडला, "होय म्हाराजा!"

"पोरीची सराई मी बुडवलंय!"

"होय म्हाराजा!"

नारळ फुटला, सगळे प्रसादाकडे वळले. कुणी काही ऐकलेच नव्हते. पुतणी मात्र जागची हलली नाही.

"माझी सराई गेली ती गेली," ती म्हणाली. "पण त्या गुरवाक लोक उगाच चिडयतत. ह्या लिवन काढा, काका. लिवलेल्याक कोण होय म्हाराजा म्हणना नाय."